टाक्यातला पत्ता

"हातात दिलेलं हरवतं गं. अंगाला शिवलेलं हरवत नाही. ये इकडे, हात वर कर आणि हलू नकोस."

तोंडात दोन टाचण्या धरून आत्या बोलायची, त्यामुळे तिचे शब्द दातांच्या फटींतून गाळून आल्यासारखे बारीक होऊन यायचे. गुंडी तेव्हा सात वर्षांची होती. आदल्या दिवशी आत्याने तिला गिऱ्हाइकाचा शिवलेला कोट पोचवायला पाठवलं होतं, हातात पत्त्याची चिठ्ठी देऊन. कोपऱ्यावर वारा आला, चिठ्ठी उडाली, आणि पोर रस्त्याच्या मधोमध उभी. पुढचं घर ठाऊक नाही, मागचं आठवत नाही. संध्याकाळी टपालवाल्याने तिला घरी आणून सोडलं, तेव्हा कोट तिने पोटाशी असा धरला होता की सोडवायला दोघं लागली.

आत्या रागावली नाही. तिने गुंडीच्या फ्रॉकची कड उलटी केली आणि आतल्या बाजूला लाल दोऱ्याने गल्ली, घराचा आकडा आणि 'शिंपीणबाईंकडे' एवढं शिवून टाकलं. पुढे प्रत्येक नव्या फ्रॉकला शिवलं. मशीनचं पायडल मारता मारता ती गुणगुणायची:

*हातात दिली चिठ्ठी, वारा घेऊन गेला,*
*टाक्यात घातलं नाव, जन्म सोबत केला.*

गुंडी हे नावही आत्याचंच. आईबापाविना तिच्याकडे आलेली ही भाची बटणाएवढी होती, गोल होती, आणि आत्याच्या म्हणण्याप्रमाणे "एकदा लागली की तोडल्याशिवाय सुटत नाही."

ती गुंडी आता अडतिसाव्या वर्षात होती. पूर-अंदाजाच्या कचेरीत संगणकाचं सगळं काम तिच्याकडे होतं. कचेरीत तिला मॅडम म्हणत. सोमवारी सकाळी नऊ वाजता, खांद्यावर शाल घेऊन ती यंत्राच्या थंडगार खोलीत बसली, आणि आठ महिन्यांपूर्वीच करायला हवं होतं ते काम तिने सगळ्यात आधी केलं. स्वतःच्या लॉगिनच्या फाइलमधली एक ओळ खोडून टाकली.

एकच ओळ. पण त्या ओळीवर एका माणसाची अब्रू टांगलेली होती.

ते नीट सांगायला हवं.

नदीच्या काठाने सतरा ठिकाणी मोजपट्ट्या होत्या. पहाटे त्यांचे आकडे कचेरीत येत. गुंडीचा प्रोग्राम त्या आकड्यांवरून दुपारपर्यंत पाणी कुठे किती चढेल ते काढी आणि सहा वाजता त्याचं पत्रक निघे. हा प्रोग्राम मशीनला कळेल अशा भाषेत उतरवायला कंपायलर लागतो. कचेरीच्या सर्व्हरवर जो कंपायलर होता तो पार म्हातारा, नव्या प्रोग्रामचं बोलणं त्याला उमजेना. म्हणून दीड वर्षापूर्वी गुंडीने नवा कंपायलर मुळापासून, त्याच्या मूळ लिखाणावरून, स्वतः बांधला आणि आपल्या कप्प्यात ठेवला. प्रोग्राम एकटा चालत नाही. चालताना त्याला अवजारं लागतात, आणि ती लायब्ररी नावाच्या सामायिक कपाटात असतात. नव्या कंपायलरची नवी कपाटं गुंडीच्या कप्प्यात होती, जुन्याची जुनी कपाटं सर्व्हरच्या दर्शनी भागात. प्रोग्रामला पत्ता दिला नाही, तर तो बिचारा दर्शनी कपाटाशी जातो, तिथे त्याच नावाचं जुनं अवजार बघतो, आणि "हे माझं नव्हे" म्हणून उंबऱ्यावरच बसून राहतो.

हा पत्ता द्यायच्या दोन रीती. एक, बांधतानाच प्रोग्रामच्या पोटात लिहायचा. दुसरी, लॉगिनच्या फाइलमध्ये एक ओळ टाकायची, म्हणजे माणूस कामाला बसला की पत्त्याची चिठ्ठी आपोआप हातात येते. दुसरी रीत सोपी. गुंडीने दुसरी धरली. शिंपिणीच्या घरात वाढलेली मुलगी, आणि घाईच्या दिवशी चिठ्ठीवर भागवून मोकळी झाली.

रोज पहाटे तो प्रोग्राम चालवायचे घड्याळकाका. पहाटेच्या पाळीचे जुने कर्मचारी. पावणेसहाला खुर्चीत, सहाला पत्रकावर सही. बत्तीस वर्षांत कुणी त्यांना पाच मिनिटं उशिरा आलेलं पाहिलं नव्हतं, म्हणून हे नाव. गुंडीने त्यांच्याही लॉगिनमध्ये तीच ओळ टाकून दिली होती. सगळं सुरळीत होतं. मग आठ महिन्यांपूर्वी गुंडीच्या मनात आलं, म्हाताऱ्याचा ताप वाचवू. तिने प्रोग्राम मशीनच्या आतल्या घड्याळावर लावला. पाच पन्नासला तो आपला आपण चालेल, पत्रक तयार करेल, काकांनी फक्त सही करायची.

"म्हणजे मी काय बघायचं?" काकांनी विचारलं होतं.

"काही नाही बघायचं काका. आपोआप होतंय. तुम्ही सही ठोका आणि चहा घ्या."

"बघ हं पोरी. मला आयतं खायची सवय नाही."

"लावून घ्या की आता!"

दोघं हसली होती.

पण मशीनचं घड्याळ कुणाच्या लॉगिनची फाइल उघडत नाही. ते रिकाम्या खिशाने उठतं आणि कामाला लागतं. पहिल्याच पहाटे प्रोग्रामच्या हातात चिठ्ठी नव्हती. तो उंबऱ्यावर बसला. पत्रक काढायचं काम स्क्रिप्ट नावाच्या वेगळ्या आज्ञायादीचं, तिला हे कळलंच नाही, तिने आदल्या दिवशीचेच आकडे उचलले आणि नवं पत्रक म्हणून पुढे सरकवले. काकांनी सही केली. दुपारी पाणी खालच्या बाजाररस्त्यात शिरलं. जीव कुणाचा गेला नाही, पण सुतारांच्या कारखान्यातलं सगळं लाकूड वाहून गेलं आणि तिथला रखवालदार चार तास टेबलावर उभा होता. पुढे त्याच्या पायावरचे चट्टे वर्तमानपत्रात छापून आले.

चौकशी झाली. पत्रकावरच्या आकड्यांशेजारी तारीख कालची होती, आणि खाली काकांची सही. "सही माझीच आहे," एवढं एकच वाक्य काका चौकशीत बोलले. गुंडीने अहवालात लिहिलं, 'काही तांत्रिक कारणाने प्रोग्राम सुरू होऊ शकला नाही.' त्यात खोटं काही नव्हतं. पण खरं दडवायला खोटंच बोलावं लागतं असं थोडंच आहे? काकांच्या सेवापुस्तकात शेरा पडला, 'कर्तव्यात गंभीर हलगर्जी', आणि त्यांना तळमजल्यावर नकाशांच्या कोठीत बसवलं. गुंडीने त्याच दुपारी ती ओळ स्क्रिप्टमध्ये चिकटवली आणि प्रोग्राम चालू लागला. मशीनने त्या पहाटे जी तक्रार नोंदवली होती, त्या पानाची छापील प्रत तिने घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. कुणाला दाखवली नाही. फेकूनही दिली नाही.

त्या दिवसापासून काका तिला 'पोरी' म्हणेनासे झाले. 'मॅडम' आणि 'तुम्ही'. शिवी दिली असती तर बरं, असं तिला तळमजल्यावर दर भेटीला वाटे.

आणि आता येत्या शुक्रवारी दोन गोष्टी एकदम होत्या. जुना सर्व्हर बंद होऊन नवा सुरू व्हायचा होता. आणि काका निवृत्त व्हायचे होते. शुक्रवारी सेवापुस्तक मिटलं की शेरा आत कायमचा.

सोमवारी साडेनऊला साहेब यंत्राच्या खोलीत डोकावले. साहेब स्वभावाने वाईट नव्हते, पण त्यांना 'झालं का?' सोडून दुसरा प्रश्न येत नसे.

"झालं का?"

"आत्ता तर बसतेय साहेब. कंपायलर परत मुळापासून बांधते."

"परत? आहे तो उचला आणि नव्यावर ठेवा. ती तुमची जादूची ओळ टाका नि मोकळ्या व्हा."

"ओळ नाही टाकायची या वेळी."

"चालतंय ना ओळीने?"

"ओळ असते तोवर चालतं साहेब. उद्या मी नसले, ओळ कुणी पुसली, तर? या वेळी पत्ता पोटात घालणार आहे."

"कुणाच्या पोटात?"

"प्रोग्रामच्या."

साहेबांनी खांदे उडवले. "शुक्रवारी मला चालू पाहिजे. पोटात घाला नाहीतर पाठीवर बांधा." आणि गेले. खरं म्हणजे संगणक विभागाचं प्रमुखपद पुढच्या महिन्यात गुंडीलाच द्यायचं त्यांच्या मनात होतं, आणि ते त्यांनी दोनदा सुचवूनही झालं होतं. गुंडीला आपण काय मोडायला निघालोय हे पक्कं माहीत होतं.

कंपायलर बांधणं ही बाळंतपणासारखी गोष्ट, घाई केली म्हणून लवकर होत नाही. आणि तो एकदा बांधून भागत नाही, तीनदा बांधावा लागतो. जुन्या म्हाताऱ्याकडून पहिला बांधून घ्यायचा. पहिल्याकडून दुसरा. दुसऱ्याकडून तिसरा. मग दुसरा आणि तिसरा शेजारी शेजारी ठेवून बघायचं, तिळमात्र फरक नसेल तर वाण खरं. गुंडीने कागदावर आज्ञा लिहून काढली, लायब्ररीचा पत्ता बांधणीच्या आज्ञेत घातला, एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचली, आणि कळ दाबली. पडद्यावर ओळी धावू लागल्या. शाल घट्ट करून ती बसून राहिली. तिच्या खुर्चीचं एक चाक तुटलेलं होतं, त्यामुळे बसताना एका मांडीवर जोर देऊन बसावं लागे.

दोन तासांनी ओळी थांबल्या. मशीनचं म्हणणं असं, की मला लायब्ररी सापडत नाही.

"अगं बये, आत्ताच तर सांगितली!" गुंडी मोठ्याने म्हणाली. खोलीत पंख्यांशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

सोमवार तसाच गेला. तिने अक्षर न् अक्षर तपासलं. पत्ता बरोबर. कपाट जागेवर. कपाटात अवजार जागेवर. मंगळवारी सकाळी तिने बांधलेले तुकडे एकेक उघडून आत बघायला सुरुवात केली. त्यासाठी एक छोटी कमांड असते, तयार प्रोग्राम उलटा करून आत काय काय लिहिलंय ते वाचून दाखवते. कड उलटून टाका बघावा तसंच. तिने पहिला कंपायलर उलटला. पत्ता होता, ठसठशीत. दुसरा उलटला.

कोरा.

गुंडी खुर्चीत मागे रेलली. पत्ता तिने दिला होता तो फक्त पहिल्यासाठी. पहिल्या बांधणीची आज्ञा वेगळी, आणि पुढच्या दोन्ही बांधण्यांची वेगळी. आईच्या पदराला पत्ता शिवला म्हणून लेकीच्या फ्रॉकला तो आपोआप येत नसतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथे आडात होतं आणि पोहरा कोरडा.

पण ती पुन्हा ताठ बसली ती वेगळ्याच कारणाने. हे भोक दीड वर्षापूर्वीच्या बांधणीतही असणार. तेव्हा दिसलं का नाही? कारण तेव्हा तिच्या लॉगिनमध्ये ती ओळ होती. बांधणी चालू असताना दुसरा अडला, की ओळ मागून येऊन हळूच त्याच्या हातात चिठ्ठी सरकवत होती. मशीन तिला सांगायला बघत होतं आणि तिनेच त्याच्या तोंडावर हात ठेवला होता. काल ओळ खोडली म्हणून तर ते बोललं.

"बोल बाई," ती म्हणाली. "बोल एकदाचं."

तिने पत्ता पुढच्या बांधण्यांच्या आज्ञेतही घातला, सगळं पुसून पहिल्यापासून सुरू केलं. चार तास लागले. तिसऱ्या प्रहरी दुसरा आणि तिसरा एकमेकांशी ताडून झाले, फरक शून्य. गुंडीने टेबलावर हलकेच तीन बोटं वाजवली. आनंद झाला की आत्या कात्रीने तशी वाजवायची.

बुधवारी तिने नव्या कंपायलरकडून नदीचा प्रोग्राम बांधून घेतला. मग खरी परीक्षा. मशीनला अशी आज्ञा देता येते, की या प्रोग्रामला कुणाच्याही खिशातलं काहीही देऊ नकोस. लॉगिनची फाइल नाही, ओळ नाही, नाव नाही, गाव नाही. उघड्या अंगाने चालव. गुंडीने चालवला.

पडद्यावर एकच ओळ आली.

ती ओळ तिला पाठ होती. पर्समधल्या घडी केलेल्या कागदावर अक्षर न् अक्षर तीच ओळ होती. तिने पर्स उघडली नाही. उघडायची गरजच नव्हती.

कंपायलरला स्वतःचं घर सापडत होतं. पण त्याने जन्माला घातलेल्या प्रोग्रामला ते सापडत नव्हतं. अजून एक पायरी राहिली होती. आणि राहिली होती ती आठ महिने.

संध्याकाळी घरी आली तेव्हा आत्या खिडकीशी बसून कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत होती. सत्तरी उलटली तरी सुईत दोरा ती चष्म्याशिवाय ओवायची, आणि त्याचा तिला फार तोरा होता.

"आलीस? तोंड असं का, भाड्याने दिल्यासारखं?"

"दमले."

"दमलेलं तोंड वेगळं असतं. हे दडवलेलं आहे. गेले किती महिने बघत्येय, मी म्हटलं सांगेल आपणहून. पण तू काय, बाईसाहेब!"

गुंडी बाजूच्या स्टुलावर बसली. तिने सांगायला सुरुवात केली ती कंपायलरपासून, तीन बांधण्यांपासून, पत्त्यापासून. आत्याने सगळं ऐकून घेतलं. अर्धं तिला कळलं नसेल, पण माणूस लांबून वळसा घालून का येतो ते तिला कळत होतं.

"म्हणजे पत्ता आईला शिवलास, लेकीला शिवलास, आणि नातीला विसरलीस," ती म्हणाली.

"विसरले नाही गं. कंपायलरलाच सांगून ठेवायला हवं, की तू जे जे जन्माला घालशील त्याच्या कडेला हा पत्ता शिव. दर वेळी हाताने नको."

"मग सांग की. त्यात रडण्यासारखं काय आहे?"

"आत्या, त्या पुराच्या दिवशी…" गुंडी थांबली. बाहीचे धागे आत्याच्या मांडीवर जमत होते. "त्या काकांचं माहीत आहे ना तुला?"

"शेरा पडला तो म्हातारा. सांगितलंस तू."

"सगळं नाही सांगितलं."

आत्याने वर बघितलं नाही. ब्लेडचं टोक टाक्यात घालून तिने एक धागा तोडला, मग दुसरा.

"ही बाही बघ," ती म्हणाली. "आधीच्या शिंप्याने उलटी लावली होती. गिऱ्हाईक म्हणतं, वरून दोन टाके घालून सरळ करून द्या. अशी सरळ होत नसते ती. आधी उसवायला लागतं. आणि उसवताना कोट पहिल्यापेक्षा वाईट दिसतो, थोडा वेळ." तिने बाही ओढून वेगळी केली. "मला नको सांगूस आता. मला सांगून तुझं मन हलकं होईल, आणि उद्या तिथे जाऊन गप्प बसशील. भरल्या मनाने जा."

गुंडीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "फार दुष्ट आहेस तू."

"शिंपीण आहे. ऊठ, चहा टाक."

गुरुवारी ती आठलाच पोचली. कंपायलरजवळ त्याच्या स्वतःच्या सवयींची एक फाइल असते. प्रोग्रामची लायब्ररीशी जोडणी करताना काय काय करायचं ते तिथे लिहिलेलं असतं. तिने त्या फाइलमध्ये, जोडणीच्या ठिकाणी, पत्ता लिहिला. इथून पुढे हा कंपायलर जो जो प्रोग्राम बांधेल, त्याच्या पोटात लायब्ररीचं घर आपोआप शिवलं जाईल. कोण बांधतंय, कुणाच्या नावाने, कुठल्या पहाटे, काही फरक पडणार नाही. तिने नदीचा प्रोग्राम पुन्हा बांधला. आधी उलटून बघितला. कडेला पत्ता होता. मग उघड्या अंगाने चालवला.

सतरा मोजपट्ट्यांचे आकडे एकाखाली एक सरळ उतरले. आजच्या तारखेचे.

ती उठली. शाल खुर्चीवर टाकली आणि जिना उतरून तळमजल्यावर गेली.

नकाशांच्या कोठीत काका एका लांब टेबलाशी उभे राहून जुन्या नकाशाच्या फाटलेल्या घडीला मागून कापडाची पट्टी लावत होते. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. काकांनी ते मुद्दाम तसं ठेवलंय, अशी कचेरीत थट्टा चाले.

"या मॅडम. कुठली नदी पाहिजे?"

"तुम्ही पाहिजे आहात."

"मी? मला उद्या संध्याकाळी मोडीत काढताहेत. आज घेतलंत तर स्वस्तात मिळेन."

"काका, नव्या मशीनवर प्रोग्राम चालवून बघायचाय. तुमच्या नावाने."

काकांचा हात पट्टीवर थांबला. "माझ्या नावात आता काय आहे? माझं लॉगिन इथे आणलं तेव्हा कोरं करून दिलंय. ती तुमची ओळही गेली त्यातली."

"म्हणूनच. कोऱ्याच नावाने चालायला हवंय."

त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. बत्तीस वर्षं मशीनपुढे बसलेला माणूस, ओळ म्हणजे काय आणि ती नसली की काय होतं हे त्यांना कळत नव्हतं थोडंच? गुंडीला ते त्या क्षणी लख्ख दिसलं. त्यांना पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं.

"तुम्ही चौकशीत का नाही बोललात?" तिने विचारलं.

काकांनी डिंकाची बोटं फडक्याला पुसली. "सही माझी होती. माझ्या सहीचं मी बोललो. दुसऱ्याचं दुसऱ्याने बोलायचं असतं, मॅडम. आपण बोललो की ती चुगली होते." मग कोट झटकून अंगात घातला. "चला. बघू तुमचं काय चालतंय."

आठ महिन्यांनी ते जिना चढत होते. वरच्या मजल्यावरच्या दोघातिघांनी मान वर केली, एकाने अर्धवट नमस्कार केला. यंत्राच्या खोलीत साहेब आधीच येऊन उभे होते, हातात नव्या मशीनचं ताबापत्र आणि पेन. दारातच म्हणाले, "झालं का?"

"होतंय," गुंडी म्हणाली.

तिने काकांना आपली खुर्ची दिली; पूर्वी पहाटे ते हीच खुर्ची वापरत. काकांनी तुटक्या चाकाच्या बाजूला सवयीने जोर दिला, जणू कालच उठून गेले होते. स्वतःच्या नावाने आत शिरले. कोरं लॉगिन, रिकामा खिसा. गुंडीने प्रोग्रामचं नाव सांगितलं, ते त्यांनी दोन बोटांनी सावकाश टाइप केलं, आणि कळ दाबण्याआधी हात मागे घेतला.

"आपोआप नाही ना होत हे?" खालच्या आवाजात त्यांनी विचारलं.

"नाही काका. तुम्ही दाबायचं आणि तुम्ही बघायचं."

त्यांनी दाबलं.

आकडे उतरले. एक, दोन, सतरा. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याजवळ वाकले आणि बोट ठेवून पहिल्यांदा तारीख वाचली. मग आकडे. मग परत तारीख.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"छान!" साहेबांनी ताबापत्र टेबलावर सरकवलं. "जुनं मशीन उद्या बंद. मॅडम, इथे तुम्ही सही करा. आणि काका, साक्षीदार म्हणून तुम्ही." पेन पुढे करताना त्यांना थट्टा सुचली. "या वेळी मात्र तारीख बघून करा बरं का!"

काका हसले. खालच्या मजल्यावर बसून आठ महिन्यांत शिकलेलं ते हसू होतं. गालाला लागत नव्हतं. दारातून डोकावणारे दोघं मोकळेपणी हसले. काकांनी पेन घेतलं.

गुंडीने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. मग पर्सच्या आतल्या कप्प्यातून घडी केलेला कागद काढला. घडीवर तो पांढरा पडून फाटायला आला होता. तिने तो उलगडून ताबापत्रावर ठेवला आणि तळहाताने सपाट केला. 

"साहेब, हे त्या पहाटेचं पान आहे. प्रोग्राम अडला तो माझ्यामुळे. पत्ता त्याच्या पोटात घालायचा तो मी नुसता लॉगिनमध्ये लिहून ठेवला होता, आणि घड्याळावर लावताना एकदाही तपासला नाही. हे मला त्याच दुपारी कळलं होतं. आणि काकांनी तारीख बघितली नाही, कारण त्यांनी मला विचारलं होतं, मी काय बघायचं, आणि मी त्यांना सांगितलं होतं, काही बघायचं नाही."